पालघरच्या शिवारातील तण, कीड आणि विषाची मर्यादा

पालघर जिल्ह्यात तण कोणते आणि अन्न कोणते, याची रेषा ठळक नाही. पावसाच्या पहिल्या सरींनंतर बांधावर आणि माळावर उगवणारा टाकळा व कुर्डू हे पिकाच्या दृष्टीने तण असते. वारली, कातकरी, कोकणा आणि मल्हार कोळी घरांत तीच त्या दिवसांतली भाजी असते. बांधाला बिळे पाडून खाचराचे पाणी घालवणारे मुठे (छोटे खेकडे) शेतकऱ्याचे नुकसान करतात, आणि रात्री बत्ती घेऊन धरलेल्या त्याच मुठ्यांचे कालवण घरोघर होते. खाचरात चढणीला येणारे मासेही ताटात येतात. म्हणून येथे शेतात टाकलेले विष शेतातच राहील असे गृहीत धरता येत नाही. कीड-तण व्यवस्थापनाचा विचार या जिल्ह्यात या वस्तुस्थितीपासून सुरू व्हावा लागतो.

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारावर नागली, वरई आणि भात. वाडा, विक्रमगड, पालघरच्या सखल भागात भात. डहाणू, घोलवड, बोर्डीच्या किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या. केळवे-माहीम पट्ट्यात पानवेली. बोईसर-तारापूर येथे औद्योगिक वसाहत, तिच्या कडेने कामगारांच्या चाळी, आणि त्यांना लागून जुन्या गावांची शेते, विहिरी व परसबागा आहेत. पाऊस जोरदार, उतार समुद्राकडे. ऐन पावसात फवारलेले औषध पानावर टिकत नाही. ओहोळांतून ते नदीत आणि पुढे खाडीत जाते.

राब: तणाचा जुना बंदोबस्त

भाताची रोपे तयार करण्यापूर्वी दाढीच्या (रोपवाटिकेच्या) जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांच्या बारीक फांद्या आणि गवत यांचे थर रचून ते उन्हाळ्यात जाळतात. हा राब. त्या उष्णतेने वरच्या थरातील तणांचे बी मरते, रोपे जोमाने वाढतात आणि आवण (लावणीची रोपे) काढताना मुळे सहज सुटतात. एकोणिसाव्या शतकात वनखात्याने फांद्या तोडण्यावर निर्बंध आणले तेव्हा ठाणे-कुलाबा भागात राब हा मोठ्या तंट्याचा विषय झाला. 1885 मध्ये नेमलेल्या वन आयोगाने 1887 च्या अहवालात त्याची दखल घेतली. पुढे कृषिशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅन, जोशी आणि कानिटकर यांनी पश्चिम भारतातील राबाचा अभ्यास 1912 मध्ये प्रसिद्ध केला. राखेच्या खतमूल्याबरोबरच मातीला मिळणाऱ्या उष्णतेचा परिणाम महत्त्वाचा असल्याचे त्यातून पुढे आले.

राबासाठी झाडांची छाटणी होते आणि धूरही होतो, म्हणून आज पर्याय हवेत. एप्रिल-मेमध्ये ओलवलेल्या वाफ्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरले, तर उन्हाच्या तापाने तणांचे बरेच बी मरते. दुसरा उपाय पाणी देऊन तण आधी उगवू देण्याचा आणि पेरणीपूर्वी ते उथळ कुळवणीने काढून टाकण्याचा. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळतात. तिच्यातील सिलिकामुळे रोपे कणखर होतात आणि खोडकिड्याला तोंड देऊ शकतात.

भात खाचर

लावणीनंतरचा पहिला दीड महिना तणाच्या दृष्टीने निर्णायक असतो. पाखड, लव्हाळा आणि माका या काळात काढले, तर नंतर उगवणारे तण पिकाच्या सावलीत दबते. चिखलणी नीट, जमीन समपातळीत आणि खाचरात थोडे पाणी कायम, एवढ्याने निम्मे काम होते. उरलेले बेणणीने (हाताने तण काढून) किंवा ओळीत लावणी असल्यास कोनोवीडरने होते. बांधावर तणनाशक मारण्याची सवय मात्र घातक आहे. गवताची मुळे बांध धरून ठेवतात. ती मेली की पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटतो. बांधाचे गवत कापावे, जाळू किंवा मारू नये.

भातावरील प्रत्येक किडीची सवय वेगळी आहे, आणि उपाय त्या सवयीतच सापडतो. खोडकिड्याची मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडीपुंज घालते. लावणीपूर्वी आवणाचे शेंडे खुडून नष्ट केले की पुढची पिढी तिथेच थांबते. अळी खोडात शिरल्यावर गाभा सुकतो किंवा पांढरी पळींज (पोचट लोंबी) येते, आणि तेव्हा फवारणीचा उपयोग अल्प असतो. कापणी जमिनीलगत करून धसकटे नांगरून टाकल्यास त्यांत दडलेल्या अळ्या मरतात. सुरळीतील अळी पानाच्या सुरळीत राहून पाण्यावर तरंगते आणि कल्ल्यांनी श्वास घेते. दोघांनी पिकावरून दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडाव्यात आणि मग दोन-तीन दिवस खाचर कोरडे ठेवावे.

तपकिरी तुडतुडे बुंध्यापाशी असतात. दाट लावणी, जास्त युरिया आणि साचलेले पाणी त्यांना पोषक ठरते. येथे घाईने फवारलेले कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील औषध कोळ्यांना आणि मिरीड ढेकणांना मारते, आणि खाणारे शत्रू संपल्यावर तुडतुडे पूर्वीपेक्षा अधिक वाढतात. म्हणून आधी चुडांची (भाताच्या बुंध्यांची) पाहणी, मग पाण्याचा निचरा, आणि संख्या आर्थिक नुकसान पातळीच्या वर गेली तरच औषध, तेही बुंध्यावर. मुठ्यांसाठी विष टाकू नये. बिळे बुजवणे, बांध ठोकून घट्ट करणे आणि मुठे धरून खाणे हा जुना मार्गच सर्वांत सुरक्षित आहे.

चिकूच्या वाडीत

डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या झाडाला जवळपास वर्षभर कळ्या-फळे असतात, म्हणून किडीचे अन्न कधी संपत नाही. बी पोखरणारी अळी फळाच्या आत बियांत राहते. फळावर छिद्र दिसते तेव्हा ती बहुधा कोष करण्यासाठी बाहेर पडलेली असते. त्या क्षणी फवारणे म्हणजे औषध वाया घालवणे. पडलेली फळे रोज वेचून खोल पुरणे, पतंगांसाठी प्रकाश सापळे लावणे आणि जुन्या दाट झाडांची विरळणी करून आत ऊन-वारा खेळू देणे हे पायाचे उपाय. पावसाळ्यातील फळगळीला फायटोफ्थोरा बुरशी कारणीभूत असते. तिलाही निचरा आणि हवा हेच पहिले उत्तर. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र आणि पालघरचे कृषी संशोधन केंद्र येथे स्थानिक शिफारशी मिळतात.

घर, अंगण आणि कोठार

दुकानातील विष घरात येण्याचे मुख्य कारण उंदीर आणि घूस. धान्य नीट वाळवून घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवावे, उंबऱ्याखालची आणि भिंतीतली बिळे सिमेंटने बुजवावीत, पिंजरे वापरावेत. झिंक फॉस्फाइडचे आमिष पोटातील आम्लात फॉस्फिन वायू सोडते. मुले, कोंबड्या आणि कुत्री त्याला सहज बळी पडतात. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही हाच वायू सुटतो. त्या माणसे झोपतात त्या घरात कधीही ठेवू नयेत. उंदरांमागे साप येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही या भागात असल्याने अंगणातील गवत कमी ठेवणे आणि सरपण घरापासून दूर रचणे हा सर्पदंशावरचाही उपाय आहे. धामण मात्र मारू नये. उंदीर खाणारा तो बिनविषारी साप आहे.

कारखान्यांच्या परिसरात रसायनांचे रिकामे पिंप स्वस्तात मिळतात. ते कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नयेत.

औषध वापरावेच लागल्यास

कीटकनाशक अधिनियम 1968 नुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. लेबलवर त्या पिकाचे नाव नसेल तर ते औषध त्या पिकावर मारू नये. डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस यांसारखी औषधे 2018 च्या आदेशाने 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंद झाली. जुना साठा घरात असल्यास वापरू नये. पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही. 2017 मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक माणसे दगावली. दोन-तीन औषधे एकत्र मिसळणे आणि संरक्षक साधनांचा अभाव या बाबी तेव्हा ठळकपणे समोर आल्या.

फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वाऱ्याकडे पाठ करून करावी. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा, मास्क आणि गमबूट वापरावेत. फुलोऱ्यात आणि मधमाश्या फिरत असताना फवारू नये. विहीर, ओहोळ आणि मुठे-मासे धरण्याच्या जागा यांपासून अंतर ठेवावे. औषध थंडपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. रिकामा डबा तीनदा खळबळून ते पाणी पंपात ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत. शेजारी रानभाज्या खुडणाऱ्यांना फवारणीची आगाऊ कल्पना द्यावी, आणि लेबलवर दिलेला कापणीपूर्व कालावधी पाळावा.

विषबाधा झाल्यास

डोकेदुखी, जास्त घाम, तोंडाला लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, उलट्या आणि धाप ही सेंद्रिय फॉस्फरस गटाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. रुग्णाला शेतातून बाहेर काढावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि शुद्ध नसल्यास कुशीवर झोपवावे. उलटी करवू नये, दूध-तूप पाजू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावे. या विषबाधेवरचे ॲट्रोपिन हे औषध कधी व किती द्यायचे, हे डॉक्टर लेबलवरील घटकाचे नाव आणि रुग्णाची लक्षणे पाहून ठरवतात.