माशांच्या टाकीतलं पाणी काय सांगतं?

मुलांच्या हट्टानं घरी काचेची टाकी येते, गोल्डफिश सोडले जातात, आणि दहा-बारा दिवसांत मासे एकेक करून उलटे तरंगू लागतात. पाणी तर नितळ असतं! पण पाण्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही, तो तपासावा लागतो. काय काय तपासायचं, ते पाहू.

पहिला अमोनिया. मासे तो कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो. टाकीतले उपयोगी जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट आठवड्यातून दोनदा तपासावेत. दोन्ही शून्य हवेत. थोडेही दिसले, तर पाव टाकी पाणी बदलावं आणि खाद्य कमी करावं. नळाचं पाणी असेल, तर त्यातलं क्लोरीन आधी घालवायला हवं.

दुसरा सामू. देवळीसारख्या काळ्या पाषाणाच्या भागात विहिरी-बोअरचं पाणी बहुधा जड असतं. पातेल्यावरचा पांढरा थर हीच त्याची खूण. अशा पाण्याचा सामू सहसा सातच्या वर असतो. सामू ७ वरून ८ वर गेला, की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. त्यात वऱ्हाडी उन्हाळा! पाणी तापलं, की हा भाग आणखी वाढतो आणि प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच मावतो. म्हणून उन्हाळ्यात मासे कमी ठेवावेत आणि हवेचा पंप बंद करू नये.

तिसरं नायट्रेट. गोड्या पाण्याच्या टाकीत ते लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत असावं. पाणी बदलूनही ते उतरत नसेल, तर टाकीत भरण्याआधीचं विहिरीचं पाणीच तपासून पाहा. कारण नायट्रेट तिथूनच येत असू शकतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटचा त्रास सर्वाधिक असलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांत वर्धा आहे. खतं, गोठ्याचं सांडपाणी आणि शौचालयांचे शोषखड्डे ही त्याची मुख्य कारणं.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अशा पाण्यात कालवलेलं दूध दिलं, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, बाळ निळसर पडू शकतं. तेव्हा घरच्या पट्टीवर आकडा जास्त दिसला, तर पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्या आणि निकाल येईपर्यंत बाळासाठी दुसरं खात्रीचं पाणी वापरा.

टाकीसाठी आणलेली तपासणीची पट्टी एकदा घरच्या माठातही बुडवून पाहा.

(आकाशवाणी भाषणावरून संपादित)