सीई चिन्ह
सीई चिन्ह (धातुमाल) : यूरोपीय आर्थिक क्षेत्रात विक्रीस येणारी विवक्षित प्रकारची वस्तू तेथील कायद्यांतील सुरक्षाविषयक अटी पूर्ण करते, असे उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर ज्या चिन्हाने जाहीर करतो, त्यास सीई चिन्ह म्हणतात. ते कोणत्याही शासनाने दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे. निर्यातदारांत याविषयी बराच गैरसमज आढळतो आणि तो बहुधा माल परकीय बंदरात अडकल्यावरच दूर होतो.

यूरोपीय समुदायाने १९८५ मध्ये तांत्रिक नियमनाची नवी पद्धत स्वीकारली. तीनुसार कायद्यात केवळ आवश्यक अटी दिलेल्या असतात. मापे, चाचण्या इ. तपशील यूरोपीय मानकांत असतो. चिन्हाच्या वापरासंबंधीचे नियम १९९३ मध्ये एकसूत्री करण्यात आले. चिन्हाची उंची सामान्यतः किमान ५ मिमी. असावी लागते.

सर्वच धातुमालास हे चिन्ह लागत नाही. अगंज (स्टेनलेस) पोलादाच्या स्वयंपाकाच्या भांड्यांवर तर ते उमटविणेच बेकायदेशीर ठरते. भांड्यांना २००४ चा अन्नसंपर्कविषयक नियम लागू असून त्यांतून अन्नात किती धातू उतरतो हे पाहिले जाते. यूरोप परिषदेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत निकेलसाठी दर किग्रॅ. अन्नामागे ०·१४ मिग्रॅ. ही मर्यादा सुचविली होती. इमारतींच्या पोलादी सांगाड्याच्या घटकांना मात्र १ जुलै २०१४ पासून चिन्ह सक्तीचे आहे. त्यासाठी कारखान्यातील उत्पादन-नियंत्रणाची, विशेषतः वितळजोडकामाच्या (वेल्डिंगच्या) देखरेखीची, तपासणी अधिसूचित संस्थेकडून करून घ्यावी लागते.

वातावरणीय दाबापेक्षा ०·५ बारहून अधिक दाब सहन करणारी पात्रे, नळ व झडपा यांची धोक्याच्या प्रमाणानुसार चार वर्गांत विभागणी करतात. पहिल्या वर्गात उत्पादकाची स्वतःची तपासणी पुरते. पुढील तीन वर्गांत अधिसूचित संस्थेचा सहभाग अनिवार्य असून चिन्हाजवळ तिचा चार अंकी क्रमांक येतो. अशी संस्था सदस्य राष्ट्राने अधिसूचित केलेली असावी लागते व तिचे नाव यूरोपीय आयोगाच्या प्रकट सूचीत पाहता येते. सूचीबाहेरील सल्लागाराने विकलेल्या ‘सीई प्रमाणपत्रा’स या कामी काहीही किंमत नसते.

कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या केंद्रातील कारखान्याने झडपेचे नुसते ओतीव कवच पुरविल्यास चिन्ह लावण्याचे काम पूर्ण झडप बनविणाऱ्याचे असते. तथापि ओतशाळेची जबाबदारी तेथे संपत नाही. कवचाबरोबर ३·१ प्रकारचे तपासणीपत्र सामान्यतः मागितले जाते. त्यात प्रत्यक्ष पुरविलेल्या मालाच्या चाचण्यांचे निष्कर्ष द्यावे लागतात आणि त्यावर सही करणारा तपासनीस उत्पादन विभागापासून स्वतंत्र असावा लागतो. लहान ओतशाळेत ही दोन्ही कामे पुष्कळदा एकाच व्यक्तीकडे असतात. खरी अडचण येथेच येते. वितळणाचा (हीटचा) क्रमांक ओतीव भागावर उमटविला नसेल, तर उत्तम प्रतीच्या धातूचाही कागदाशी मेळ बसविता येत नाही.

चिन्हाच्या कक्षेबाहेरील ग्राहकोपयोगी वस्तूंना १३ डिसेंबर २०२४ पासून सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियम लागू आहे. त्यानुसार यूरोपीय संघात जबाबदार व्यक्ती नेमून तिचे नाव व पत्ता वस्तूवर, वेष्टनावर वा सोबतच्या कागदपत्रांत द्यावा लागतो.