सूर्यफुलाच्या पेरणीची वेळ

सूर्यफूल म्हटलें कीं नगरवासी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें बागेंतील शोभेचें फूल उभें राहतें. शेतकऱ्यास मात्र त्याच्या तेलाशीं कर्तव्य असतें, आणि तें तेल किती मिळावें हें बव्हंशीं पेरणीच्या वेळेवर अवलंबून असतें.

मूळची उत्तर अमेरिकेंतील ही वनस्पति रशियांत तेलबी म्हणून नांवारूपास आली. तिचें तेलासाठीं निपजविलेलें बियाणें तेथून १९६९ च्या सुमारास भारतांत आलें. दिवस लहान कीं मोठा याची तिला फारशी पर्वा नसते. म्हणून खरीप, रब्बी आणि उन्हाळी या तिन्ही हंगामांत ती पेरतां येते. परंतु केव्हांहि पेरतां येणारें पीक केव्हांहि सारखेंच पिकतें असें मात्र नव्हे.

याचें मर्म फुलोऱ्यांत आहे. ज्यास एक फूल म्हणतात, तें वस्तुतः शेंकडों चिमुकल्या फुलांचें ताट होय. हीं फुलें कडेपासून मध्याकडे आठ-दहा दिवस क्रमाक्रमानें उमलतात. प्रत्येकांत एकच दाणा धरतो, आणि त्यासाठीं पराग पोहोंचविण्याचें काम मुख्यतः मधमाश्या करतात. याच दिवसांत पावसाची झड लागली तर पराग धुऊन जातो व माश्याहि बाहेर पडत नाहींत. उलट, पारा ३८ अंश सेंटिग्रेडच्या पुढें गेला तर परागाची शक्तीच क्षीण होते. दोन्ही प्रसंगीं ताट मोठें दिसतें, पण मळणींत पुष्कळ दाणे पोचट निघतात.

पेरणीनंतर सुमारें दोन महिन्यांनीं फुलोरा येतो. म्हणून जाणता शेतकरी हिशेब उलटा मांडतो. महाराष्ट्रांत जूनच्या आरंभींचें पीक ऑगस्टच्या पावसांत फुलतें. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यांत पेरल्यास सप्टेंबरांत उघडीप मिळण्याची आशा असते. ऑक्टोबरच्या पूर्वार्धांतील पीक डिसेंबरच्या कोरड्या हवेंत फुलतें. कोरडवाहू जमिनींत याहून उशीर केल्यास ओल ओसरूं लागते. उन्हाळी पेरणी फेब्रुवारीच्या पूर्वार्धांत उरकावी. ती मार्चअखेर गेली तर फुलोरा मे महिन्याच्या उन्हांत सांपडतो.

तेलाच्या गुणावरहि ऋतूची छाया पडते. दाणे भरतांना हवा थंड असेल तर लिनोलिक आम्ल अधिक, उष्ण असेल तर ओलेइक आम्ल अधिक.

पेरणी चुकली तरी बियाणें, खत आणि निंदणी यांचा खर्च तितकाच येतो. पंधरा दिवसांच्या विलंबानें हा सारा खर्च पोचट दाण्यांत जाऊं शकतो. गृहिणीच्या कढईंतील तेलामागें तिथीची एवढी जपणूक असते.