तोंडावर विचारा

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या सत्र न्यायालयात मागच्या बाकावर एखादा दिवस बसून पाहा. उलटतपास चाललेला असतो आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून अधूनमधून एक ठरीव वाक्य ऐकू येते : ‘पोलिसांनी माझ्या जबाबात तसे का लिहिले, याचे कारण मी सांगू शकत नाही.’ वकील जुना जबाब वाचून दाखवतो, तफावतीवर बोट ठेवतो, खुलासा विचारतो आणि मगच पुढे सरकतो. नवख्याला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. दोन कागद शेजारी ठेवले की खोटे आपोआप दिसत नाही का?

नाही दिसत. हे ज्या प्रकरणाने भारतातल्या न्यायाधीशांना बजावले, त्यात एक अमरावतीकर पुरता गुंतला होता. गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे. वऱ्हाडात त्यांची ओळख पोथीतून जास्त. अकोल्याची शिवजयंती, व्यासपीठावर लोकमान्य टिळक आणि गजानन महाराज, ही कथा घरोघरी वाचली जाते. त्यातलेच हे खापर्डे. शिर्डीच्या मुक्कामातली त्यांची रोजनिशीही भाविकांना ठाऊक असते. पण टिळकांबरोबर त्यांनी एका मृत्युपत्राचे ओझे वर्षानुवर्षे वाहिले, हे फारसे कुणी सांगत नाही.

पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने गेले. शेवटच्या घटका मोजताना त्यांनी मृत्युपत्र केले आणि विश्वस्तांत टिळक व खापर्डे यांची नावे घातली. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते! पुढे बाबा महाराजांच्या पश्चात जन्मलेला मुलगाही दगावला. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस त्यांच्या विधवेने, ताई महाराजांनी, जगन्नाथ नावाच्या मुलाला दत्तक घेतले, असे विश्वस्तांचे म्हणणे. दत्तविधान झालेच नाही, असे काही आठवड्यांत ताई महाराजांचे म्हणणे. त्यांनी कोल्हापूरकडच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले.

आता गंमत पाहा. घटना एकच, गाव एकच, पाहणारी माणसे हयात. तरी १९०२ मध्ये न्यायाधीश ॲस्टन यांनी टिळकांना खोटे ठरवून त्यांच्यावर फौजदारी लावली. १९०३ मध्ये दंडाधिकारी क्लेमंट्स यांनी दीड वर्षाची सक्तमजुरी सुनावली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने टिळकांना निर्दोष सोडले. १९०६ मध्ये दिवाणी दाव्यात खालच्या न्यायालयाने दत्तविधान खरे धरले, १९१० मध्ये उच्च न्यायालयाने ते फिरवले, आणि १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते पुन्हा खरे ठरवले. एका विधीसाठी चौदा वर्षे!

मला यातला १९१० चा टप्पा सर्वांत विलक्षण वाटतो. फौजदारीतल्या जुन्या साक्षींचा ढीग दिवाणी दाव्यात आला होता. त्या साक्षी आणि नव्या साक्षी ताडून न्यायमूर्तींनी टिळक-खापर्ड्यांवर अविश्वास दाखवला. परंतु तफावतीचे नेमके ठिकाण दाखवून ‘याचा खुलासा करा’ असे त्यांना पिंजऱ्यात कुणी विचारलेच नव्हते. १९१५ च्या निकालात प्रिव्ही कौन्सिलच्या लॉर्ड शॉ यांनी हीच नस पकडली. जो कागद साक्षीदारावर उलटवायचा, तो आधी त्याच्यापुढे ठेवा आणि त्याला बोलू द्या. माणसाची अब्रू आणि हक्क दोन्ही पणाला लागले असतील तर हे टाळताच येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. विसरणे, गोंधळणे, प्रश्नच वेगळा असणे आणि खोटे बोलणे, कागदावर ही चारही सारखीच दिसतात. त्यांतला फरक फक्त तो माणूसच सांगू शकतो.

वर्तमानपत्राला मात्र असली सक्ती नाही. ‘केसरी’ टिळकांचाच, त्याच्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करणे भाबडेपणाचे. पण लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये त्या पत्रातल्या लेखांचे ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक केले, टिळकांना हिंदी असंतोषाचे जनक म्हटले आणि ताई महाराज प्रकरणही त्यांच्या नावे मांडले. १९०४ ची निर्दोष सुटका तेव्हा सहा वर्षांची जुनी झाली होती. टिळकांनी लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. जानेवारी १९१९ मध्ये तो न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यापुढे उभा राहिला. चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन यांच्यासारखा कसलेला वकील होता. प्रिव्ही कौन्सिलचा निकाल तोवर येऊन चार वर्षे होत आली होती. तरीही ज्यूरीने कौल दिला तो चिरोल यांच्या बाजूने. ज्या शहरात प्रिव्ही कौन्सिलने टिळकांचा शब्द खरा मानला, त्याच शहरात ते दावा हरले.

प्रिव्ही कौन्सिलने जिच्यावर बोट ठेवले ती तरतूद भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १४५ ची. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि तिचा क्रमांक १४८ झाला. नियम तोच आहे.