रब्बीच्या रात्रीसाठी कापूस भरलेली बंडी

गव्हाच्या पिकास पाणी देण्याची वेळ चुकली, तर उत्पादनात घट आल्यावाचून राहत नाही. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी तर कोणत्याही सबबीवर टाळता येत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेल्या गव्हास हे व पुढील पाणी नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत द्यावे लागते. ज्या भागात कृषिपंपांना रात्रपाळीने वीज मिळते, तेथे हे काम ऐन थंडीत, मध्यरात्री करणे भाग पडते. निफाडसारख्या भागात काही रात्री पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा वेळी दारे धरणाऱ्या माणसाचे पाय चिखलात आणि अंग वाऱ्यावर असते. पिकाबरोबरच पीक राखणाऱ्याच्या शरीराची काळजी घेणे, हीही शेतीचीच एक बाब होय.

घोंगडी पांघरून फावडे नीट चालविता येत नाही. सैल विणीच्या स्वेटरमधून वारा आत शिरतो. छाती व पाठ झाकणारी, परंतु हात मोकळे ठेवणारी बिनबाह्यांची बंडी या कामास अधिक सोयीची पडते. तीत भरावयाचा कापूस शेतकऱ्याच्या घरीच असतो आणि ज्यास गोधडी शिवता येते, त्यास ही बंडीही शिवता येईल.

ऊब कशी टिकते?

कापूस स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. पिंजलेल्या कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ही स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून कापूस दाबून, ठासून भरल्यास बंडी जड होते, पण त्या प्रमाणात उबदार होत नाही. उलट कापूस ओला झाला, की हवेची जागा पाणी घेते; आणि पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे २४ पट वेगाने वाहून जाते. कापूस फुगलेला ठेवणे, तो जागचा हलू न देणे आणि कोरडा राखणे, ही तीन सूत्रे ध्यानात ठेवली म्हणजे पुढील प्रत्येक कृतीचे कारण आपोआप उमगेल.

कापूस व कापड

पहिल्या किंवा दुसऱ्या वेचणीचा, पूर्ण उमललेल्या बोंडांतील स्वच्छ कापूस निवडावा. कवडी कापूस अथवा फरदडीचा कापूस घेऊ नये. त्यातील अपक्व तंतूंच्या गुठळ्या होतात. आखूड व जाड धाग्याची देशी कपाशी भरणासाठी विशेष चांगली, कारण तिचा तंतू दाबला तरी पुन्हा फुगतो. २००२ साली बी.टी. वाणांच्या लागवडीस परवानगी मिळाल्यानंतर देशी कपाशी फारच थोड्या शेतांत उरली आहे. ती न मिळाल्यास घरचा कोणताही स्वच्छ कापूस चालेल.

सरकीसह कापसातून सुमारे एक तृतीयांश रुई निघते. एका बंडीस ३०० ग्रॅम रुई पुरते. म्हणून कचरा व तूट धरून १ किलो कापूस बाजूस काढावा. सरकी काढल्यावर रुई पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावी.

बाहेरच्या बाजूस घट्ट विणीचे कापड घ्यावे. कापड तोंडाशी धरून फुंकर घालावी. ती सहज पार गेली, तर त्यातून वाराही जाईल आणि रुईचे तंतूही बाहेर येतील. अस्तरासाठी वापरून मऊ झालेले धोतर किंवा लुगडे उत्तम. कोरे कापड असल्यास ते एक रात्र पाण्यात भिजवून, वाळवून मगच बेतावे. ९० सेंटिमीटर पन्ह्याचे बाहेरचे कापड सव्वादोन मीटर व अस्तर दीड मीटर लागेल.

बेतणे व भरणे

छातीचे माप ९० सेंटिमीटर असल्यास बंडीचा तयार घेर ११० सेंटिमीटर धरावा, कारण कापसाची जाडी आतील जागा व्यापते आणि बंडी सदऱ्यावरून घालावयाची असते. उंची ६५ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडणार नाही. मुंढा नेहमीच्या सदऱ्यापेक्षा ३ सेंटिमीटर खोल घ्यावा.

प्रारंभी आकार कापू नये. टाके घातल्यावर कापड आखडते. म्हणून पाठीसाठी ६५ × ७५ सेंटिमीटरचा एक व पुढील भागांसाठी ४० × ७५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, बाहेरच्या कापडाचे व अस्तराचे वेगवेगळे, कापून घ्यावेत. अस्तराच्या तुकड्यांवर बंडीचा आकार खडूने आखावा.

अस्तर सपाट जमिनीवर पसरून त्यावर रुईचे पातळ थर द्यावेत. पहिला थर उभा, दुसरा आडवा. पाठीस १४० ग्रॅम व पुढील प्रत्येक भागास ८० ग्रॅम रुई वजन करूनच घ्यावी. रुई आखलेल्या रेषेच्या थोडी बाहेरपर्यंत न्यावी. हाताने चाचपून पाहावे. जेथे विरळ लागेल, तेथे वारा लागणार हे निश्चित. वर बाहेरचे कापड घालून वीतभर अंतरावर कच्चे टाके घालावेत.

टाके व जोडणी

आता मध्यापासून कडेकडे तिरप्या रेषांत धावदोरा घालावा आणि नंतर उलट दिशेने तसेच टाके घालून चौकडी पूर्ण करावी. दोन रेषांतील अंतर ६ सेंटिमीटर ठेवावे. याहून दूर टाके घातल्यास कापूस खाली उतरून खांदे रिकामे होतात. फार जवळ घातल्यास तो दबून त्यातील हवा निघून जाते. दोरा कापड चुरगळेल इतका ओढू नये. ही शिलाई हातानेच करावी, कारण एकदोन हंगामांनी कापूस दबल्यावर हातचा धावदोरा सहज ओढून काढता येतो व रुई पुन्हा पिंजून भरता येते.

नंतर आकार पुन्हा आखून रेषेवर दुहेरी टीप मारावी व तिच्याबाहेर एक सेंटिमीटर सोडून कापावे. खांदे व बगला जोडून शिवणींवर आतून पट्टी बसवावी. गळा, मुंढे व घेर यांना उरेब पट्टी लावावी. सरळ पट्टी गोलाईवर बसत नाही. पुढील भाग एकावर एक ४ सेंटिमीटर यावेत आणि पाच बटणे लावावीत. बंद लावू नयेत. लोंबते बंद पंपाच्या पट्ट्यात किंवा मळणी यंत्रात अडकून प्राणावर बेतू शकते.

वापरताना घ्यावयाची दक्षता

शेकोटीजवळ बसताना बंडी काढून ठेवावी. ठिणगी पडल्यास कापूस ज्वाला न दाखविता आतल्या आत धुमसत राहतो आणि चटका बसेपर्यंत ध्यानात येत नाही. औषध फवारताना ही बंडी कदापि घालू नये. कापूस विष शोषून घेतो व ते अंगाशी राहते.

पाट फुटून बंडी भिजली, तर ती तत्काळ उतरवावी. ओली लोकर काही प्रमाणात ऊब देते; ओला कापूस देत नाही. याकरिता कोरडा सदरा व घोंगडी विहिरीवरील खोलीत ठेवलेली असावी. बंडी वारंवार धुऊ नये, दर आठवड्यास दोन्ही बाजूंनी कडक उन्हात वाळवावी. ऊन लागल्यावर दमटपणा जातो व दबलेला कापूस पुन्हा फुगतो.

कापसाच्या वेचणीनंतर फुरसतीच्या चारपाच दुपारी या कामास पुरतात. पुढचे पाणी रात्री द्यावयाचे असल्यास बंडी त्यापूर्वीच तयार करून ठेवावी आणि घरात पाण्यावर जाणारी जितकी माणसे, तितक्या बंड्या शिवाव्यात. बहुधा दोघे जण पाण्यावर जातात. एकाच्या अंगावर बंडी आणि दुसरा कुडकुडत, असे होऊ नये.