आधी नाव, मग शंका

आजचा क्रांती चौक पूर्वी काळा चबुतरा म्हणून ओळखला जाई. 1857च्या जूनमध्ये औरंगाबादच्या छावणीतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने बंड केले. ते मोडून काढण्यात आले आणि बंडवाल्या शिपायांना या जागी देहदंड देण्यात आला. पुढे जागेचे नाव पालटले. 2023 मध्ये शहराचे व जिल्ह्याचेही नाव पालटून छत्रपती संभाजीनगर झाले. लोकसभेचा मतदारसंघ मात्र 2008च्या पुनर्रचनेत ठरलेल्या औरंगाबाद याच नावाने राहिला. विधानसभेचे पूर्व, मध्य आणि पश्चिम हे मतदारसंघही तसेच राहिले. सरकारी कागदावर शहर एक आणि नावे दोन, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. हेच एखाद्या सामान्य माणसाच्या बाबतीत आढळले असते, तर मतदारयादीत त्याच्या नावापुढे दोन तारे पडले असते.

हे दोन तारे गेल्या महापालिका निवडणुकीतले. 15 जानेवारी 2026 रोजी येथे मतदान झाले, ते एप्रिल 2015 नंतर प्रथमच. आधीच्या सभागृहाची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली होती आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेले मतदान दुबार नावांच्या वादाने झाकोळून जावे, हे दुर्दैवच. 1 नोव्हेंबर 2025 रोजी विरोधी पक्षांनी याच प्रश्नावर मुंबईत मोठा मोर्चा काढला होता. त्यानंतर राज्य निवडणूक आयोगाने, ज्या नावांची पुनरुक्ती झाल्याचा संशय होता, त्यांच्यापुढे दोन तारे छापण्याचा मार्ग काढला.

दुबार नावांची तक्रार पोकळ आहे, असे कोणी म्हणू नये. 2019च्या लोकसभा निवडणुकीत औरंगाबादचा निकाल 4,492 मतांनी लागला. 2024च्या विधानसभा निवडणुकीत औरंगाबाद पूर्वमध्ये विजयी व पराभूत उमेदवारांतील अंतर अवघे 2,161 मतांचे होते. एवढ्या थोड्या फरकाने निकाल लागत असता यादीतील दोन-तीन हजार नावे खरी की खोटी, हा क्षुल्लक हिशेब राहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात 2024 मध्ये नावनोंदणीसाठी सहा हजारांहून अधिक बनावट अर्ज आल्याचे उघडकीस आले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. एकाने दोनदा मत दिले, तर दुसऱ्या कोणाचे तरी प्रामाणिक मत रद्द झाल्यासारखेच होते. तेव्हा यादी शुद्ध असावी, याविषयी दुमत संभवत नाही. प्रश्न आहे तो शुद्धीकरणाच्या रीतीचा, आणि तिची झळ कोणी सोसायची याचा.

या वादात ओळखपत्राचे नाव फार घेतले जाते. छायाचित्र असलेल्या ओळखपत्राचा पहिला प्रयोग 1960 मध्ये कलकत्त्याच्या एका लोकसभा मतदारसंघात झाला. कित्येक मतदारांची, विशेषतः स्त्रियांची, छायाचित्रे निघू शकली नाहीत आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. 1962च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी शाई बोटावर आली. पुढे 1993 मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी ओळखपत्राचा आग्रह धरला व तो निष्ठुरपणे तडीस नेला. शेषन यांच्या दराऱ्याच्या आठवणी अजूनही पुष्कळांना असतील. आज ओळखपत्र जवळ नसले, तरी आधार, पॅन, पारपत्र, वाहन परवाना, छायाचित्र असलेले बँकेचे वा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड अशा पर्यायी कागदांपैकी एक चालतो. ब्रिटनने मे 2023च्या स्थानिक निवडणुकांत प्रथमच ओळखपत्र सक्तीचे केले, तेव्हा सुमारे 14,000 मतदार केंद्रावरून परत गेले आणि पुन्हा आले नाहीत. त्या मानाने भारतातील मतदान केंद्राचा दरवाजा पुष्कळ रुंद आहे.

परंतु भारतीय मतदाराचा हक्क दारात क्वचितच अडतो. तो यादीत अडतो. शाळेच्या व्हरांड्यात मांडलेल्या टेबलासमोर, हातात ओळखपत्र धरून, नाव सापडत नाही म्हणून खिन्नपणे उभा असलेला माणूस दर निवडणुकीला दिसतो. त्याचे ओळखपत्र खरे असते, शिक्का खरा असतो, चेहराही जुळतो. तरी त्याला मत देता येत नाही. कारण अधिकार यादीतील नावाचा असतो, ओळखपत्राचा नव्हे.

यादीतून नावे कोणाची गळतात, हेही पाहण्यासारखे आहे. 1951-52च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लक्ष स्त्रियांची नावे वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. हे प्रामुख्याने उत्तरेकडील राज्यांत घडले. महाराष्ट्रातील स्त्री आज आपले नाव निःसंकोच सांगते. पण विवाहानंतर तिचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही पालटतात, कित्येक घरांत पहिले नावही पालटते. माहेरच्या यादीत एक स्त्री, सासरच्या यादीत दुसरी. यंत्राने छाननी केली तर ती दोन वेगळ्या स्त्रिया ठरतात, आणि घरी जाऊन चौकशी केली तर दुबार मतदार. दोष तिचा नाही. माहेरचे नाव कमी करण्याचा अर्ज तिच्याकडून कोणी भरून घेतलेलाच नसतो.

शहराच्या जुन्या भागात आणखी एक अडचण आहे. मुसलमान कुटुंबांत शेख, सय्यद, पठाण ही उपपदे कधी नावाआधी येतात, कधी नावानंतर, कधी दोन्हीकडे. उर्दूतून मराठीत व मराठीतून इंग्रजीत जाताना एकाच नावाची चार रूपे होतात. उलट एकाच मोहल्ल्यात अगदी सारख्या नावाची चार माणसेही असतात. एकसारखी नावे हुडकणारे यंत्र या चौघांना एक समजते. आणि ऊसतोड कामगारांचे काय? बीड-जालन्याकडचे आणि या जिल्ह्यातलेही हजारो मजूर दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागतात. दाराला कुलूप पाहून त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा मारणे सोपे आहे. ते चैत्रात परत येतात. मारलेला शेरा परत जात नाही.

बिहारमध्ये 2025 मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळाले. जूनमध्ये विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले, तेव्हा यादीत 7.89 कोटी नावे होती. ऑगस्टच्या प्रारूप यादीत 7.24 कोटी उरली. वगळलेल्या 65 लाखांपैकी सुमारे 22 लाख मृत, 36 लाख स्थलांतरित किंवा न सापडलेले व 7 लाख दुबार, असा आयोगाचा हिशेब होता. मृतांची नावे जावीत, यात वाद नाही. पण 2003च्या यादीत नसलेल्यांना जे अकरा कागद मागितले गेले, त्यांत आयोगाने स्वतः दिलेले ओळखपत्रच नव्हते! वगळलेली नावे कारणांसह प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्टला सांगावे लागले आणि आधार बारावा कागद म्हणून स्वीकारा, असे 8 सप्टेंबरला. अंतिम यादी 7.42 कोटींची झाली. ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात शेजारचे गोवा होते, महाराष्ट्र नव्हता.

नागरिकत्वाच्या संशयावरून मतदारांना नोटिसा पाठवण्याचा प्रकार यापूर्वी दिल्लीत आणि मुंबईत घडला होता. त्यावर 1995 मध्ये लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ज्याचे नाव आधीच यादीत आहे त्याची नोंद योग्य रीतीने झाली असे गृहीत धरले पाहिजे, आणि त्याला बाजू मांडण्याची खरीखुरी संधी दिल्यावाचून नाव वगळता येणार नाही. त्याच्याही कितीतरी आधी, जून 1949 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीत हे भय बोलून दाखवले होते. काही प्रांतांत वंशाने, संस्कृतीने वा भाषेने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदारयादीबाहेर ठेवण्याचे प्रकार होत असल्याच्या तक्रारी त्यांच्या कानी आल्या होत्या. निवडणुकीचे काम प्रांतिक सरकारांच्या हाती न ठेवता एका स्वतंत्र केंद्रीय आयोगाकडे द्यावे, या तरतुदीचे समर्थन करताना त्यांनी हे कारण दिले. म्हणजे निवडणूक आयोगाच्या जन्माच्या मुळाशी बोगस मताची चिंता जेवढी आहे, त्याहून कमी चिंता हिरावलेल्या मताची नाही. मिलिंद महाविद्यालयाच्या संस्थापकाचा हा इशारा या शहराने तरी विसरू नये.

या पार्श्वभूमीवर दोन ताऱ्यांची युक्ती लक्षणीय वाटते. तारांकित मतदाराशी संपर्क साधावयाचा, तो कोणत्या केंद्रावर मत देणार हे विचारावयाचे; उत्तर न मिळाल्यास मतदानाच्या दिवशी, आपण अन्यत्र मत दिलेले नाही व देणार नाही, असे लिहून घेऊन मग मत देऊ द्यावयाचे. संशय नोंदला गेला, पण मत हिरावले गेले नाही. अर्थात हे औदार्य अंशतः नाइलाजाचे होते. विधानसभेची यादी जशीच्या तशी वापरणे राज्य आयोगास भाग असते; नाव वगळण्याचा अधिकार त्याला नाही. अधिकार असता तर तारे पडले असते की काट मारली गेली असती, हे सांगणे अवघड आहे. बिहारमध्ये आधी नाव गेले व मग माणसाने ते शोधत यावे, अशी रीत होती; येथे आधी नाव राहिले व मग शंका विचारली गेली. कागदावर हा फरक लहान दिसेल. रोजंदारी बुडवून तहसिलीत खेटे घालणाऱ्याला तो लहान वाटणार नाही.

यादीचे प्रत्यक्ष काम शेवटी येऊन पडते ते शाळामास्तरांवर आणि अंगणवाडी सेविकांवर. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी हे त्यांचे भारदस्त नाव. हजार-बाराशे मतदारांची घरे, वर्ग सांभाळून, सुट्टीच्या दिवशी पालथी घालावयाची. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांचे वार्षिक मानधन 6,000 रुपयांवरून 12,000 झाले, ते महिन्याला एक हजार पडते. एवढ्यात ऊसतोडीला गेलेला कोण व कायमचा गाव सोडलेला कोण, याचा निवाडा तीस दिवसांत करावा, अशी अपेक्षा ठेवली की शेरे घाईत पडणार. यादी शुद्ध करावयाची तर वेळ आणि माणसे आधी द्यावी लागतील. वगळावयाचे नाव, त्याचे कारण आणि चौकशीचा दिवस ही तिन्ही त्या-त्या शाळेच्या फलकावर महिनाभर लागली पाहिजेत.

नाव वगळण्याचा अर्ज करणाऱ्यावरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. नमुना क्रमांक 7 मध्ये जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे कलम त्या अर्जावर ठळक छापले जावे आणि वापरलेही जावे. मतदान केंद्रात एखाद्याच्या ओळखीविषयी शंका आली, तर 1961च्या नियमांनुसार प्रतिनिधीला दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. पुरावा प्रथम आक्षेप घेणाऱ्याने द्यावयाचा असतो. तो देता आला नाही, तर समोरचा मतदार मत देतो, आणि आक्षेप निष्कारण ठरला तर ते दोन रुपये सरकारजमा होतात.