घास मऊ, पण ताट भरलेले

टोकियोच्या एदोगावा भागात, तोएई शिंजुकू मार्गावरील फुनाबोरी स्थानकाच्या परिसरात आणि जवळच्या निशी-कासाईत अनेक मराठी कुटुंबे राहतात. आई-वडील बहुधा अल्पकालीन व्हिसावर, ९० दिवसांसाठी, मुलांकडे येतात. पक्षाघात किंवा पार्किन्सनमुळे त्यांच्यापैकी कोणाला गिळणे अवघड झाले असेल, तर वरण, भात आणि भाजी एकत्र मिक्सरमधून काढून एकच करडा लगदा समोर ठेवला जातो. चार घासांनंतर वाटी बाजूला सारली जाते आणि वजन उतरू लागते. हे टाळता येते.

अन्न किती दाट असावे, हे प्रथम डॉक्टर व गिळण्याच्या उपचारांतील तज्ज्ञ यांच्याकडून ठरवून घ्यावे. आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत ० ते ७ अशा पायऱ्या असून गुळगुळीत वाटलेले अन्न चौथ्या पायरीवर येते. त्याची कसोटी घरी घेता येते. चमचा तिरका केल्यावर घास अखंड सुटून पडावा, चमच्याला चिकटून राहू नये. त्यात गुठळी नसावी आणि पाणी वेगळे होऊ नये. जपानी दुकानांतील तयार पाकिटांवर ‘युनिव्हर्सल डिझाइन फूड’च्या चार श्रेणी छापलेल्या असतात: सहज चावता येणारे, हिरड्यांनी चिरडता येणारे, जिभेने चिरडता येणारे आणि चावण्याची गरज नसलेले. मात्र या श्रेणींवरून वैद्यकीय सल्ल्याची गरज संपत नाही.

भाताचे वागणे निराळे असते. तो मिक्सरमध्ये फिरवला की पिष्टामुळे डिंकासारखा चिकट होतो आणि घशात अडकू शकतो. उलट, उष्टा चमचा पुन्हा वाटीत गेला की लाळेतील अमायलेज त्या पिष्टाचे विघटन करते व पेज पातळ होत जाते. म्हणून भात भरपूर पाण्यात शिजवावा, गरम असतानाच वाटावा आणि थोडा थोडा वेगळ्या वाटीत काढून भरवावा. चिकटपणा कमी करणारी अमायलेजयुक्त पूड जपानमध्ये मिळते. पाणी व चहा दाट करण्यासाठी झँथन गमवर आधारित ‘तोरोमी’ पूड औषधांच्या दुकानात मिळते; ती मोजून घालावी व काही मिनिटे थांबून दाटपणा तपासावा.

पोषणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. वाटताना पाणी घातले की आकार वाढतो आणि प्रत्येक चमच्यातील सत्त्व घटते. म्हणून पाण्याऐवजी दूध, घट्ट वरण किंवा दही वापरावे व वर साजूक तूप घालावे. वृद्धांना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या व्यक्तीस ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. येथील रेशमी तोफूच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५ ग्रॅम प्रथिने असतात. तो पिठल्यात किंवा श्रीखंडात बेमालूम मिसळतो.

वैविध्यासाठी पदार्थ वेगळे वाटून वेगळ्या वाट्यांत वाढावेत. पिवळे मुगाचे वरण, केशरी काबोचा भोपळ्याचे भरीत, हिरवा पालक व पांढरे दही ओळखीने खाता येतात. सकाळी दुधातले नाचणीचे सत्त्व, दुपारी मुगाची खिचडी व कढी, संध्याकाळी वाटलेला रताळ्याचा शिरा अशी आखणी करावी. फोडणीतील मोहरी व कढीपत्ता गाळून घ्यावा. हिंग-जिऱ्याचा वास राहू द्यावा. मेतकूट कोरडे न भुरभुरवता भातात कालवावे. शेवग्याच्या शेंगांचे धागे, मक्याची साले आणि चिकट मोची व उकडीचे मोदक वर्ज्य मानावेत.

भरवताना व्यक्ती ताठ बसलेली, हनुवटी किंचित खाली असावी. घास लहान असावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. दात, जीभ व कवळी रोज स्वच्छ करावी. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेल्या आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित मुखस्वच्छता केलेल्यांमध्ये न्यूमोनियाचे प्रमाण कमी आढळले होते. खोकला, ओलसर आवाज किंवा ताप दिसल्यास भरवणे थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

आईच्या ताटात काय आहे हे तिला पाहून, वास घेऊन ओळखता यावे, एवढी काळजी घेतली तरी तिची भूक व तिचा मान दोन्ही राखले जातात.